कागदात मारुती नाही

महापालिकेचा कागद येतो. त्यावर असतं:
‘धरणातून विसर्ग वाढविण्यात येत असून
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’
मी रिक्षात बसतो, भोंगा तोंडाशी धरतो नि सांगतो,
ऐऽका हो ऐका,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय,
रात्रीतून छातीला लागेल,
भांडीवाल्यांनो, दुकानं उचला,
म्हातारी माणसं आधी वर न्या.

साहेब म्हणाले, निरभवणे, कागदात मारुती नाही.
म्हटलं, साहेब, क्युसेक कुणी पाहिलाय?

बाप मातोरीचा कोतवाल होता.
त्याचा आवाज घराघरात जायचा,
तो स्वतः ओट्याखाली उभा.
पाटलाच्या आळीत चपला काढून काखेत,
हलगी गळ्यात, लिलाव कुणाचा तरी.
त्यानं मला एवढंच शिकवलं:
वारा पाठीशी घे.
‘ऐ’ लांबव, ‘का’ तोड.
बोळ अरुंद असला तर भिंतीकडे तोंड कर,
पुढचं भिंत सांगते.

कुंभमेळ्यात मला हरवले-सापडलेच्या मांडवात बसवलं.
एक म्हातारी आणली, लांबून कुठून तरी आलेली,
हातावर गोंदलेलं, गाव सांगेना, रडेना.
नवऱ्याचं नाव विचारलं तर जीभ चावली.
आपल्याकडे उखाण्यात तरी घेतात,
तिच्याकडे तेवढीही वाट नसावी.
बराच वेळ गेला. मग तिनं बोट वर केलं.
मांडवाच्या फटीतून अर्धा चंद्र दिसत होता.
मी भोंग्यात ओरडलो,
चंद्रभान! चंद्रिका! चांदमल! पूनमचंद!
जो कुणी चंद्र असेल त्यानं रामकुंडाच्या चौकीपाशी यावं!
अकरा चंद्र आले.
बाराव्याला पाहून तिनं पदर पुढं ओढला
आणि त्याला असं काही बोलली
की भाषा न कळूनही आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

घरी मी कमी बोलायचो.
चांगुणा तांबट आळीत
घागरींना चिंच लावून घासायची, पंचवीस वर्षं,
दोन्ही बाजूंना हातोड्या चाललेल्या.
तिचे कान तिथंच राहिले.
सगळी पंचवटी मला ऐकायची
आणि जिला सांगायचं तिला मी हातांनी सांगायचो:
मीठ कमी. उद्या नळ नाही. थोरल्याचा फोन आला होता.
एकदा तिनं माझ्या गळ्यावर तळवा ठेवला,
म्हणाली, आता दे दवंडी.
मी हळूच म्हटलं, ऐका हो.
अजून काय काय म्हटलं ते सांगत नाही.
ती म्हणाली, आलं.

आता माझा आवाज चिपमध्ये आहे.
घरपट्टीचा वेगळा, डेंग्यूचा वेगळा, पुराचा वेगळा.
बटण ड्रायव्हर दाबतो,
मी शेजारी बसून सुपारी कातरतो.
गेल्या पोळ्याला त्यानं चुकून पुराचं लावलं,
भर उन्हात, नदी घोट्याएवढी,
आणि गणेशवाडीतली एक बाई खरोखरच
पोराला कडेवर घेऊन पायऱ्या चढायला लागली.
मी उतरून तिच्या मागं पळालो.
तिला परत आणायला भोंगा नव्हता,
नुसतं, अहो ताई, अहो ताई.

चांगुणा गेली त्या सकाळी
मी कागद घेऊन बसलो. लिहून झालं.
उठून दाराशी गेलो, वारा पाठीशी होता,
‘ऐ’ निघाला आणि ‘का’ काही येईना.
शेजारचा रितेश म्हणाला, आजोबा, द्या इकडे.
गेला बिचारा बोळातून,
घाईघाईनं, शब्द गिळत, वाऱ्याच्या तोंडावर:
‘निरभवणे यांच्या पत्नी… अंत्ययात्रा साडेचार वाजता…’

मी पायांत काही न घालता बाहेर आलो.
भिंतीकडे तोंड केलं.
चार, म्हटलं. साडेचार नाही.
चार वाजता.
चांगुणाबाई.